रोडकडची मोसंबी

“श्वास घ्यायलाबी फोन लागून राह्यला आता. आमी काय नऊ-नऊ महिने बिनश्वासाच्या फिरत होतो का?”

पुष्पाबाई हे कोणाला म्हणाल्या नव्हत्या. कुकरला म्हणाल्या होत्या. पण स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्यामध्ये दार नव्हतं, नुसता मण्यांचा पडदा होता, आणि पडद्याच्या अलीकडे त्यांची विहीण वंदना सोफ्याच्या कडेवर बसली होती, कोणी ऊठ म्हणालं तर लगेच उठता येईल अशी. लेकीच्या सासरी पाठ टेकून बसायचं नसतं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. पाठीला ते आपोआप कळतं. पायाशी पिशवी होती. पिशवीत खण, नारळ, गहू, हिरवी साडी आणि बुडाशी मोसंबी. सातवा लागला की आईनं अशी पिशवी घेऊन यायचं, लेकीची ओटी भरायची आणि तिला घेऊन जायचं. पहिलं बाळंतपण माहेरी, पुढची सासरी. सकाळी आष्टीहून निघताना तिच्या पिठाच्या गिरणीवर दळणाला आलेल्या बायांनी विचारलं होतं, “आणायला चालल्या का अर्पिताला?” तिनं “हौ” म्हटलं, आणि सगळ्या बाया एकदम आपापल्या डब्यात वाकून बघायला लागल्या, जसं काही गव्हातून कोणी हाक मारली होती.

आतल्या खोलीतून फोनातली बाई बोलत होती. आवाज गोड होता, दवाखान्यातल्या परिचारिकेचा असावा तसा नाही, दवाखान्याच्या जाहिरातीतल्या परिचारिकेचा असतो तसा. सावकाश आत घ्या, म्हणत होती. थांबा. आता सावकाश सोडा. खांदे सैल. जबडा सैल. वंदनानं आपलाही जबडा सैल केला आणि मग तिलाच हसू आलं, की विहिणीच्या घरात तोंड उघडं टाकून बसलो आपण. तेवढ्यात ती बाई म्हणाली, “पहिल्यांदाच आई होताना मनात नाना शंका येणं अगदी साहजिक आहे.” स्वयंपाकघरात पळी थांबली. समोरच्या खुर्चीतला अंगद, वंदनाचा जावई, टीव्ही बघत नव्हता, तरी त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला. वंदना पंख्याकडे बघत राहिली. बाई आत सांगत होती सोडा, सोडा, आणि बाहेर तिघं माणसं श्वास धरून बसली होती.

त्या बाईचं ॲप अंगदनं अर्पिताच्या फोनात घातलं होतं. तो बियाण्याच्या कंपनीत आहे. शंका आली की फोनात उपाय शोधायचा, ही त्याची रीत. वाईट रीत नाही, काही माणसं बाटलीत शोधतात. या खेपेला दिवस राहिले आणि अर्पिता झोपेनाशी झाली. रात्र रात्र उताणी पडून पोटावर हात ठेवून छताकडे बघायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिला टेन्शन देऊ नका, मन शांत ठेवायला आता फोनवरही साधनं निघालीत, ती वापरा. हे वाक्य घरानं प्रसादासारखं दोन्ही हातांनी घेतलं. टेन्शन द्यायचं नाही म्हणजे नेमकं काय बोलायचं नाही, हे कोणी कोणाला सांगितलं नाही आणि सगळ्यांना बराबर कळलं. ॲपनं सुरुवातीलाच विचारलं होतं, हे तुमचं पहिलं बाळ आहे का? अंगदनं हो दाबलं. हे त्यानं आपणहून वंदनाला फोन करून सांगितलं होतं. “मामी, दुसरं दाबलं असतं तर पुढचे प्रश्न आले असते. तिला कशाला उत्तरं द्यायला लावायची?” वंदना “बरं केलं,” म्हणाली. मागे गिरणीचा पट्टा फटफटत होता.

त्याच ॲपात ‘जिवलग’ म्हणून एक जागा होती. तिथे अंगदनं सासूचा नंबर टाकला आणि तेव्हापासून वंदनाच्या फोनवर रोज काहीतरी यायला लागलं. बाळ आता लिंबाएवढं झालं. बाळ आता केळ्याएवढं. एकदा आलं, बाळ ॲवोकाडोएवढं. ते काय असतं म्हणून तिनं आष्टीच्या बाजारात फळवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, मावशी, ते औषधाचं नाव असंल, मेडिकलला विचार. लेकीच्या पोटात भाजीबाजार भरवून ठेवलाय ह्यांनी, असं ती नवऱ्याला, रामप्रसादला, म्हणाली. तो हसला नाही. मोसंबीएवढं कधी झालं ते मात्र ॲपनं सांगितलं नाही. तेवढं एक बरं झालं.

समुद्राचा आवाजही त्यात होता, मन शांत व्हायला. तो अर्पितानं पहिल्यांदा लावला तेव्हा पुष्पाबाई हंडा, बादल्या, पातेली घेऊन मोरीकडे धावल्या होत्या. नळ आला! जालन्यात नळ कधी येईल त्याचा भरवसा नाही. पाण्याचा आवाज आला की या गावातली बाई आधी धावते, शांत मागाहून होते. हा किस्सा स्वतः पुष्पाबाईंनीच वंदनाला फोनवर सांगितला होता आणि दोघी विहिणी अशा हसल्या होत्या, जशा कितीतरी दिवसांत हसल्या नव्हत्या. हसून झाल्यावर दोघींनाही एकदम काहीतरी आठवलं असावं. “ठिवते मंग,” असं दोघी एकाच वेळी म्हणाल्या. वंदनानं समुद्र पाहिलेला नाही. तिनं पाहिलेलं मोठ्यात मोठं पाणी म्हणजे पुरातली गोदावरी, शहागडच्या पुलावरून. समुद्र म्हणजे पलीकडचा काठ नसलेली गोदावरी, असं ती धरून चालते. गिरणीत गिऱ्हाईक नसलं की पिठाच्या पोत्यावर बसून जिवलगांना ॲपनं पाठवलेला तोच आवाज लावते, फोन कानाला घट्ट धरते आणि फोनातल्या बाईच्या म्हणण्याप्रमाणे आत-बाहेर करते. पीठ नाकात जातं, शिंक येते. कोणी विचारलं तर सांगते, लेकीचा फोन आहे.

आणि चेहरे. रोज सकाळी ॲप अर्पिताला विचारतं, आज कसं वाटतंय? खाली एका ओळीत चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. जो दाबाल तो जिवलगांच्या फोनवर येतो. सुरुवातीला एकदा अर्पितानं सरळ तोंडाचा चेहरा दाबला होता. रडका नाही, नुसता सरळ, आपण बसमध्ये बसलो की होतो तसा. तेवढ्यावर सगळीकडे घंटा वाजली, तुमच्या जिवलग व्यक्तीला आज तुमची गरज आहे. वंदनानं चालू गिरणी बंद केली, अर्धवट ज्वारी तशीच. अंगद कंपनीतून निघून आला. पुष्पाबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून गॅसवर टाकल्या, घरभर ठसका. अर्पिता सगळ्यांना सांगत राहिली, काही न्हाई झालं, काही न्हाई. दुसऱ्या दिवशी तिनं हसरा दाबला. त्यानंतर रोज हसरा. सगळे खूश, ॲपचा गुण आला म्हणाले. वंदना सकाळी फोनवरचं पीठ पदरानं पुसते आणि तो पिवळा गोल चेहरा बघते. ही पोरगी लहानपणी तापानं फणफणलेली असताना डॉक्टरला म्हणायची, न्हाई दुखत काही, म्हणजे सुई टळेल. त्या वेळचा चेहरा अगदी अस्साच.

फोनातली बाई गप्प झाली आणि अर्पिता बाहेर आली. कमरेवर हात, पाय फाकून टाकत, पोट पुढे आणि ती त्याच्या मागून येते आहे अशी. तेच चालणं. मागच्या खेपेला आष्टीच्या ओट्यावर ती अशीच चालायची, मीठ लावून मोसंबीच्या फोडी खायची, उकडलं की फरशीवर गाल टेकून पडायची. वंदना गिरणी बंद करून घरी आली की म्हणायची, “आई, तू म्हातारी झालीस,” कारण वंदनाच्या भुवयांवर पीठ असायचं. आणि मग स्वतःच्या बोटानं ते पीठ झटकायची. ते बोट वंदनाला अजून कपाळावर जाणवतं. गिरणीत दिवसभर भुवया पांढऱ्या होत राहतात, आणि घरी आल्यावर ती हल्ली तोंड लगेच धूत नाही. धुवायला उशीर का होतो, असं रामप्रसादनं एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, पाणी गार आहे. त्या खेपेला दिवस भरत आलेले असताना एका सकाळी अर्पिता म्हणाली होती, “आई, हे आज गप हाये.” झोपलं असेल, उन्हाचं, असं वंदनानं म्हटलं. कोणीही म्हणालं असतं. मग गार पाणी, मग उजव्या कुशीवर, मग डाव्या, मग गाडी, परतूर, तिथून जालना. मशीनच्या खोलीत डॉक्टरांनी पडदा आपल्याकडे वळवून घेतला, तेव्हाच वंदनाला कळलं. कोणतंच यंत्र चांगली बातमी असताना पाठ फिरवत नाही.

मुलगी होती. पूर्ण होती. नखंसुद्धा. लेकराच्या आईला दाखवू नका, कोणीतरी आयाबाई म्हणाली, एकदा पाहिलं की डोळ्यांतून जात नाही. पुष्पाबाईंनी मान हलवली, वंदनानंही हलवली. इकडे असंच करतात, आईचा जीव गुंतू नये म्हणून. पुष्पाबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, त्यांनी पाहिलं नाही. अंगदनं पाहिलं नाही. तो हिरव्या कापडातला जीव बाळंतखोलीच्या दारापासून रामप्रसादच्या हातांपर्यंत नेला तो वंदनानं. किती अंतर होतं ते? एका खोलीचं. त्या अंतरात कापड सरकलं आणि तिनं पाहिलं. काळे, ओले, दाट केस. आणि रुंद, पुढे आलेलं कपाळ, थेट पुष्पाबाईंचं. हे तिनं कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही. पण त्या दिवसापासून तिला विहिणीच्या कपाळाकडे बघवत नाही. पुष्पाबाई समोर आल्या की ती त्यांच्या हनुवटीशी बोलते. पुष्पाबाईंना वाटत असेल, मानानं बोलते. रामप्रसाद आणि अंगदनं त्याच दिवशी तिला आष्टीला नेऊन शेतात ठेवलं, विहिरीकडच्या ओळीत, मोसंबीच्या झाडाखाली. नाव नव्हतं. बारसंच नाही तर नाव कुठलं? तिकडे अर्पिताला दूध आलं. दुधाला कोणी काही सांगितलं नव्हतं. ब्लाउज भिजायचे, वंदना छाती कापडानं घट्ट बांधायची, आणि दोघी मायलेकी खाली बघत गाठ मारायच्या, जसं काही पोतं शिवतोय. तेव्हाही अर्पितानं विचारलं नाही. कशी होती, हे विचारलं नाही. वंदना वाट बघत राहिली. मग बरं वाटून अर्पिता सासरी आली आणि वाट बघायचं आष्टीतच राहून गेलं.

“आई, मोसंबी आणली का गं? वास येऊन राह्यला.”

अर्पिता पिशवीशी वाकायला लागली, तशी अंगद ओरडला, “वाकू नको, वाकू नको,” आणि स्वतः पिशवी उचलून तिच्यापुढे धरली. तिनं हात घालून एक मोसंबी काढली. नखानं साल खरवडली, नाकाशी नेली. डोळे मिटले. मग डोळे न उघडता म्हणाली, “कोणत्या बाजूच्या?”

“रोडकडच्या,” वंदना म्हणाली. इतकी जल्दी म्हणाली, की उत्तर प्रश्नाच्या आधीपासून तोंडात धरून ठेवलं होतं हे कोणालाही कळावं.

अर्पितानं मान हलवली. मोसंबी सोलली नाही. हातात घेऊन बसली. अंगदनं टीव्हीचा आवाज आणखी वाढवला. कोणत्यातरी बाईच्या मंगळसूत्राची जाहिरात खोलीभर झाली. म्हणजे हिला माहीत आहे, वंदनाच्या मनात आलं. कोणी सांगितलं? कोणीच सांगितलं नसेल. बाप विहिरीकडच्या ओळीत ट्रॅक्टर घालू देत नाही, तिथलं गवत हातानं काढतो, तिथली फळं व्यापाऱ्याला तोडू देत नाही. एवढं लेकीनं पाहिलं असेल, तिला पुरे. आपण सगळे मिळून जे हिच्यापासून झाकतोय, ते हीच आपल्यापासून झाकते आहे. आणि मध्ये तो पिवळा चेहरा रोज सकाळी सगळ्यांना फसवतो, बिचारा, त्याला तेवढंच काम दिलंय.

पुष्पाबाईंनी ताटं वाढली. जेवताना त्यांनी रस्त्याची चौकशी केली, बसला गर्दी होती का, परतूरला बस बदलावी लागली का, आष्टीकडे पाऊसपाणी कसं. वंदना त्यांच्या हनुवटीला उत्तरं देत होती. मग पुष्पाबाई तिच्या ताटात आग्रहानं भाजी टाकत म्हणाल्या, “विहीणबाई, मी साफ बोलते बरं. मला वाटत होतं हितंच ऱ्हावं हिनं. दवाखाना जवळ. ॲटो बोलावला की पोचलं. जीव माझाबी लागून राह्यला.” त्यांनी पळी भांड्यात ठेवली. “पण पहिलं बाळंतपण तुमचं. त्यात मी बिलकुल आडवी येणार न्हाई. घेऊन जा. पहिल्यालाच ठिवून घेतलं म्हणतील लोकं.”

पहिलं, हा शब्द त्यांनी असा सांभाळून ठेवला, जशी भरलेली कळशी खाली ठेवावी, थेंब न सांडता. वंदनाच्या हातातला घास हातातच राहिला. विहिणीला आपली लेक इथंच ठेवून घ्यायची आहे. त्यासाठी एकच शब्द बोलायचा होता. दुसरं. दुसरं बाळंतपण सासरी, विषय संपला, कोणी हूं का चूं केलं नसतं. पण दुसरं म्हटलं की पहिलं कुठंय हा प्रश्न आला असता. तो शब्द तोंडातून काढण्यापेक्षा बाईनं सून सोडून दिली. आणि आपण? आपण तर सकाळपासून ‘पहिलं’ या शब्दावरच निघालो आहोत. पहिलं, पहिलं म्हणत पिशवी भरली. गिरणीवरच्या बायांना हौ म्हटलं. त्या गेलेल्या पोरीला पुसून टाकलं, म्हणून तर आपल्याला लेक मिळते आहे.

मिळते आहे खरं. जेवण झाल्यावर हात धुताना वंदनाला घरची खोली दिसायला लागली. खिडकीखालची बाज, धुऊन ऊन दाखवलेली गोधडी, कोपऱ्यात माठ. संध्याकाळी गिरणी बंद करून आपण आत येतोय, भुवया पांढऱ्या, आणि बाजेवरून ती म्हणतेय, म्हातारी झालीस. तिनं नळ सोडला होता, नळाला पाणी नव्हतं, आणि ती कोरडेच हात एकमेकांवर चोळत उभी होती. पुष्पाबाईंनी मागून तांब्या ओतला.

ओटीची तयारी झाली. पाट मांडला, अर्पिताला त्यावर बसवलं, बसताना ती अंगदच्या खांद्याला धरून हळूहळू खाली आली. हळदीकुंकवाचं ताट, गहू, खण. वंदनानं नारळ उचलला आणि अंगदचा फोन वाजला. दर रविवारी दुपारी ॲपवाल्यांकडून खरी बाई फोन करते, पाच-दहा मिनिटं बोलते, मन मोकळं करायला. अंगद म्हणाला, “घेऊ का नको? घेतो, न्हाईतर परत पुढच्या हप्त्यात.” त्यानं स्पीकर लावून फोन पाटाजवळ ठेवला, कुंकवाच्या करंड्याला टेकवून.

“नमस्कार अर्पिताताई. मी आजपासून तुमच्यासोबत. आधीच्या ताई रजेवर गेल्यात,” आवाज अगदी तरुण होता, थोडा घाबरलेलाही, पाठ केलेलं बोलणारा. “मी तुमचं सगळं बघितलंय. रोज हसरा चेहरा! खरं सांगू? एवढा रोज हसरा कोणीच दाबत नाही.” ती हसली आणि मग, आपण हे बोलायला नको होतं असं वाटून, घाईनं म्हणाली, “तर हे पहिलंच बाळ ना तुमचं?”

“हो हो,” अंगद म्हणाला.

“दादा, ताईंनाच बोलू द्या ना. ताई? पहिलंच ना?”

मोसंबी अजून अर्पिताच्या हातात होती. अंगठ्यानं ती सालीचा तोच खरवडलेला भाग दाबत होती, आणि खोलीत त्याचा कडू-गोड वास पसरत चालला होता. तिनं फोनकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडे पाहिलं नाही. तिनं मान वर करून आईकडे पाहिलं. चेहऱ्यावर हसरं, रडकं, सरळ, ॲपाच्या ओळीतलं काहीच नव्हतं. कोणत्या बाजूच्या, एवढंच त्या डोळ्यांत अजून होतं. रोडकडच्या, हे उत्तर पोरीनं मघाशी घेतलं होतं, सोललं नव्हतं.

एक हो म्हणायचं. दिवेलागणीला दोघी आष्टीत. बाजेवरची गोधडी, माठातलं पाणी. नाही म्हटलं तर ही रिकामी पिशवी घेऊन आपण एकट्याच परतूरला बस बदलू, गिरणीवरच्या बाया विचारतील, आणि या वेळी त्यांना डब्यात बघू न देता सगळं सांगावं लागेल. हातातला नारळ जड झाला होता, ओल्या कापडातल्या जिवासारखा, एका खोलीच्या अंतरात जडावत गेलेला. पडद्याचे मणी वाजले. पुष्पाबाई उभ्या होत्या, एका हातानं पडदा धरून, आणि त्यांच्या कपाळावर कणकेचं बोट उमटलेलं होतं. वंदनानं किती दिवसांनी त्या कपाळाकडे सरळ पाहिलं.

“ताई, ऐकू येतंय का?” फोन म्हणाला.

“न्हाई बाई,” वंदना म्हणाली. “दुसरंय हे. दुसरं, म्हणजे हितंच होईल, हिच्या सासरी. पहिली मुलगी होती. मी घेतल्ती तिला. केस लई होते, काळेभोर. अन् कपाळ—” तिनं नारळ लेकीच्या ओटीत ठेवला आणि पुष्पाबाईंकडे बोट केलं. “कपाळ ह्यांचं होतं.”